संकेतस्थळ सांभाळणारी माणसं विद्यापीठाचीच हवीत

विद्यापीठांच्या संगणक विभागात आणि संकेतस्थळावर काम करणाऱ्या कंत्राटी कर्मचाऱ्यांचा विषय निघाला, की वाद ठरल्या वाटेनेच जातो. संघटना म्हणतात, मुलं वर्षानुवर्षं तुटपुंज्या मानधनावर राबताहेत, त्यांना कायम करा. प्रशासन म्हणतं, आकृतिबंधात, म्हणजे मंजूर पदांच्या आराखड्यात, पदं नाहीत, शासन मंजुरी देत नाही, शिवाय हे काम बाहेरची कंपनी अधिक चोख करते. अधिसभेच्या (सिनेटच्या) अर्थसंकल्पी बैठकीत दोन्हीकडून भाषणं होतात आणि शेवटी आणखी अकरा महिन्यांच्या करारावर विषय मिटतो. एका बाजूने हा प्रश्न माणुसकीचा केला, दुसरीने खर्चाचा. हे काम मुळात कसलं आहे, ते विद्यापीठाच्या गाभ्यात येतं की कडेला, हे विचारायला कुणी थांबत नाही. आणि त्याचं उत्तर ठरल्याशिवाय कायम, कंत्राटी की बाह्यस्रोत, ही चर्चा कितीही वेळ केली तरी पुढे सरकणार नाही.

माझं मत आधीच सांगतो. विद्यापीठाच्या संकेतस्थळावरचा मजकूर तयार करणं, तो खरा आणि ताजा ठेवणं, विद्यार्थी आणि प्राध्यापकांच्या तांत्रिक अडचणी सोडवणं, हे परीक्षा घेण्याइतकंच विद्यापीठाचं स्वतःचं काम आहे. त्यासाठी मंजूर पदं हवीत, खुली भरती हवी आणि बढतीची वाट हवी. आज त्या खुर्चीवर बसलेल्यांवर दया करावी म्हणून मी हे म्हणत नाही. ती खुर्ची दरवर्षी रिकामी होत राहिली तर नुकसान विद्यार्थ्याचं होतं, म्हणून म्हणतो.

हे काम म्हणजे 'आलेली पीडीएफ चढवणं' अशी समजूत आहे. एक साधं परिपत्रक घेऊ: परीक्षेचा अर्ज भरण्याची मुदत वाढली. परीक्षा विभागात ते जुन्या फॉन्टमध्ये टाइप होतं, छापलं जातं, त्यावर सही-शिक्का होतो, मग स्कॅन होऊन संकेतस्थळाकडे येतं. आता ते हाताळणाऱ्याला काय काय ठरवावं लागतं ते बघा. आधीचं परिपत्रक काढून टाकायचं की राहू द्यायचं? काढलं तर ज्या विद्यार्थ्याने जुन्या तारखेप्रमाणे विलंब शुल्क भरलं, त्याच्याकडे ते परत मागण्याचा आधार उरत नाही. ठेवलं तर मोबाइलवर शोधणाऱ्याच्या हाती आधी जुनंच लागतं. परिपत्रकात 'तृतीय वर्ष कला' एवढंच लिहिलेलं आहे. मग जुन्या अभ्यासक्रमाचे विषय राहिलेले विद्यार्थी त्यात येतात का? याचं उत्तर कागदावर नसतं. ते परीक्षा विभागात फोन करून मिळवावं लागतं, आणि कुठल्या टेबलावर फोन करायचा हे ठाऊक असावं लागतं. स्कॅन केलेलं पान म्हणजे नुसतं चित्र. दृष्टिहीन विद्यार्थ्याच्या मोबाइलमधलं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर त्यावर मुकं होतं. जुन्या फॉन्टमधली मूळ फाइल मागवली आणि त्यातला मजकूर उचलून पानावर चिकटवला, तर अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं उमटतात. म्हणजे सगळा मजकूर युनिकोडमध्ये नव्याने घ्यायचा आणि प्रत्येक तारीख मूळ कागदाशी ताडून बघायची. एवढं सगळं एका पानाच्या परिपत्रकासाठी. हे संपादन आहे, आणि त्याला विद्यापीठाच्या कारभाराची आतून ओळख लागते.

मदत कक्षाचंही तेच. २०२१ पासून विद्यार्थ्याचे श्रेयांक (क्रेडिट्स) एका खात्यात साठवणारी अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स आली आणि ते डिजिलॉकरशी जोडले जाऊ लागले. आपल्याकडच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं आणि पुढे आईचं, असा क्रम असतो. आधार कार्डावर नाव आधी आणि आडनाव शेवटी. कुणाच्या आधारवर वडिलांचं नावच नाही, कुणाचं स्पेलिंग वेगळं, लग्न झालेल्या मुलीचं आडनाव बदललेलं. यंत्राला ही दोन वेगळी माणसं वाटतात आणि श्रेयांक अडकतात. फोनवरच्या मुलीला 'तुमची तक्रार नोंदवली आहे' एवढंच सांगून भागत नाही. तिचा पीआरएन (विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक) कुठल्या वर्षी तयार झाला, पात्रता विभागात तिचं कोणतं नाव नोंदलं गेलं, ते दुरुस्त करायचा अधिकार कुणाचा, प्रतिज्ञापत्र लागतं की राजपत्र, हे माहीत असलेला माणूस पलीकडे हवा. शिफ्टमध्ये फोन उचलणाऱ्या बाहेरच्या मदत केंद्राला हे कुठून कळणार?

पूर्वी अशी मुलगी विद्यापीठाच्या खिडकीशी येऊन उभी राहायची, कुणीतरी जुना कारकून तिला वाट दाखवायचा. आता त्या खिडक्या बंद होत आल्यात. सगळं ऑनलाइन आहे. हे चांगलंच झालं. गोंडवाना विद्यापीठ २०११ मध्ये झालं, ते गडचिरोलीत आहे, पण सिरोंचा तिथून दोनशेच्या आसपास किलोमीटर दूर आहे. तिथल्या विद्यार्थ्याला एका सहीसाठी एसटीचा दिवस मोडावा लागू नये, यासारखी दुसरी सोय नाही. पण मग त्याच्यासाठी विद्यापीठ म्हणजे मोबाइलच्या पडद्यावर दिसतं तेवढंच. तिथे मुदत चुकीची असेल तर त्याचं वर्ष जातं. ज्या जागी विद्यार्थी आणि विद्यापीठ यांची गाठ पडते, ती जागा आपण सर्वांत अस्थिर नोकरीतल्या माणसाच्या हाती का दिली आहे?

मुंबई विद्यापीठात २०१७ साली जे झालं ते आपण फार लवकर विसरलो. उन्हाळी परीक्षांचा हंगाम सुरू असताना उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा निर्णय झाला. सतरा लाखांवर उत्तरपत्रिका होत्या. स्कॅनिंग, बारकोड, प्राध्यापकांचं प्रशिक्षण, सगळंच अपुरं पडलं. कुलपती असलेल्या राज्यपालांनी ३१ जुलैची मुदत दिली, तीही हुकली. निकाल सप्टेंबरपर्यंत रेंगाळले, पुढच्या प्रवेशांसाठी मुलं ताटकळली, आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आलं. त्यावेळी चर्चा झाली ती कुलगुरूंच्या घाईची आणि कंपनीच्या क्षमतेची. दोन्ही रास्त होत्या. पण एक प्रश्न राहून गेला. पडद्यावरच्या तपासणीला किती यंत्रं लागतील, किती दिवस लागतील आणि चाचणी न घेता सगळ्या शाखांवर ती एकदम लादली तर काय होईल, हे विद्यापीठाच्या आत बसून, अधिकाराने, लेखी सांगू शकेल असा तांत्रिक कर्मचारीवर्ग विद्यापीठांकडे असतो का? ज्याचा करार दोन महिन्यांनी संपणार आहे, तो कुलगुरूंच्या आवडत्या योजनेवर विरोधी टिप्पणी लिहील का? स्थिर नोकरीचा खरा उपयोग इथे असतो. ती माणसाला 'हे या सत्रात होणार नाही' असं म्हणायचं बळ देते.

आता समोरच्या बाजूचं. त्यातले काही मुद्दे बिनतोड आहेत आणि ते तसेच मान्य केले पाहिजेत.

पहिला मुद्दा न्यायाचा. मागल्या दाराने आलेल्यांना कायम करणं म्हणजे त्या नोकरीसाठी अर्ज करण्याची संधीच न मिळालेल्या हजारोंवर अन्याय. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २००६ मध्ये उमादेवी खटल्यात हेच सांगितलं: सार्वजनिक नोकरी समान संधीच्या तत्त्वाने, जाहिरात देऊन आणि स्पर्धेतूनच मिळाली पाहिजे. यात आरक्षणाचाही प्रश्न आहे. कंत्राटी नेमणुकांत बिंदुनामावली, म्हणजे आरक्षणानुसार पदं भरण्याचा ठरलेला क्रम, पाळली जात नाही, ही तक्रार रास्त आहे. म्हणूनच सरसकट कायम करण्याच्या मागणीला माझा पाठिंबा नाही. पण उमादेवी निकालाचा वापर उलटाच होत आला. नियमित भरती करा, असं तो निकाल प्रशासनाला बजावत होता. प्रशासनाने त्यातलं 'कायम करता येणार नाही' एवढंच उचललं, आणि भरतीही केली नाही. डिसेंबर २०२४ मध्ये जग्गो खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने याच प्रवृत्तीवर बोट ठेवलं: बारमाही स्वरूपाचं काम वर्षानुवर्षं तात्पुरत्या नावाखाली करून घ्यायचं आणि उमादेवी निकालाची ढाल पुढे करायची, हे चालणार नाही. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यानेही, कंत्राटी पद्धत बंद करायची का हे ठरवताना काम बारमाही आहे का हे बघायला सांगितलं होतं. विद्यापीठाला संकेतस्थळ कोणत्या महिन्यात लागत नाही?

दुसरा मुद्दा मला सर्वांत जड वाटतो. तंत्रज्ञान दर पाच वर्षांनी बदलतं, कायम नोकरी तीस वर्षं चालते. फॉक्सप्रो ही त्या काळातली डेटाबेस प्रणाली येते म्हणून नव्वदच्या दशकात घेतलेला माणूस निवृत्तीपर्यंत फॉक्सप्रोच्याच काळात राहिला, अशी उदाहरणं प्रत्येक विद्यापीठात सापडतील. हे खरं आहे. पण त्या माणसाला शिकायला कुणी पाठवलं? प्राध्यापकाला वरच्या श्रेणीत जायचं तर उद्बोधन वर्ग, उजळणी वर्ग, संशोधन अशा पायऱ्या आहेत. प्रोग्रॅमर म्हणून लागलेला माणूस मात्र बहुतेक ठिकाणी प्रोग्रॅमर म्हणूनच निवृत्त होतो. पुढे जायला पदच नसेल तर नवीन शिकून तो काय मिळवणार? या आजारावरचा इलाज पदोन्नतीला प्रशिक्षणाशी जोडणं हा आहे. अकरा महिन्यांच्या कराराने तो बरा होत नाही, उलट चिघळतो. कारण करारावरचा माणूस शिकतो तो दुसरीकडे नोकरी मिळावी म्हणून, आणि ती मिळाली की जातो. त्याच्याबरोबर पीआरएनच्या जुन्या पद्धतीपासून सर्व्हरच्या रचनेपर्यंत सगळी माहिती जाते.

इथे ग्रंथालयांचा इतिहास आठवणं उपयोगाचं आहे. शंभर वर्षांपूर्वी आपल्या विद्यापीठांत ग्रंथपाल म्हणजे पुस्तकांचा राखणदार मानला जायचा: कुलपं सांभाळा, पुस्तकं मोजा, हरवलं तर दंड घ्या. १९२४ मध्ये गणिताचे अध्यापक असलेले एस. आर. रंगनाथन मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, लंडनला जाऊन ते शास्त्र शिकून आले आणि १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडून त्यांनी दाखवून दिलं, की पुस्तक आणि वाचक यांची गाठ घालून देणं हे बौद्धिक काम आहे. १९५७ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने त्यांच्याच अध्यक्षतेखाली ग्रंथालय समिती नेमली. ग्रंथपालांचं वेतन अध्यापकांच्या बरोबरीचं असावं, अशी शिफारस तिने केली. आज आयोगाच्या नियमावलीत ग्रंथपाल आणि सहायक ग्रंथपाल अध्यापकांबरोबर मोजले जातात. त्याही वेळी 'पुस्तकं काढून द्यायला एवढा पगार कशाला' असं म्हणणारे होतेच की. आज विद्यार्थी अभ्यासक्रम, निकाल, जुन्या प्रश्नपत्रिका, शिष्यवृत्तीचे नियम जिथे शोधतो ती जागा संकेतस्थळ आहे. तिथे माहिती आणि विद्यार्थी यांची गाठ घालून देणाऱ्या माणसाला आपण अजून १९२४ च्या आधीच्या ग्रंथपालासारखं वागवतो.

तिसरा मुद्दा पैशाचा. राज्याच्या तिजोरीवर वेतनाचा आणि निवृत्तिवेतनाचा बोजा आहे, आणि विद्यापीठांत अध्यापकांचीच पदं रिकामी आहेत; आधी ती भरा, असं कुणी म्हटलं तर त्याला खोडून काढणं सोपं नाही. मीही अध्यापकांची पदं मागे सारून ही पदं भरा असं म्हणणार नाही. पण ही पदं न भरल्याने काम थांबतं का? ते अध्यापकांवरच येऊन पडतं. महाराष्ट्रातल्या कुठल्याही संलग्न महाविद्यालयात जा. संकेतस्थळ 'कॉम्प्युटरच्या सरां'कडे असतं. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती यायची झाली की प्रत्येक दाव्याचा पुरावा संकेतस्थळावर चढवून त्याचा दुवा द्यावा लागतो; ते काम सर रात्री घरी बसून करतात. महाडीबीटी या राज्याच्या पोर्टलवरचा शिष्यवृत्ती अर्ज का परत आला, हे विचारायला मुलं त्यांच्याच तासाला दारात उभी असतात. बऱ्याच ठिकाणी हे सर स्वतः तासिका तत्त्वावर असतात, पैसे मिळतात ते घेतलेल्या तासांचेच, म्हणजे या कामाचा त्यांना एक रुपयाही मिळत नाही. अध्यापकाचा शिकवण्याचा वेळ असा खर्ची पडतो, तो कोणत्या हिशेबात धरला जातो? कंपनीचं सेवाशुल्क, प्रत्येक लहान बदलासाठीचं वेगळं बिल, दर निविदेनंतर जुन्या प्रणालीतून नव्या प्रणालीत माहिती हलवण्याचा खर्च आणि त्यात गहाळ होणाऱ्या नोंदी, हे सगळं एका रकान्यात मांडल्याशिवाय 'बाहेर दिलं की स्वस्त' हे वाक्य कुणी उच्चारू नये.

कंपन्या हे काम अधिक सफाईने करतात, याबद्दल माझा वाद नाही. सर्व्हर, सुरक्षा, मोठी सॉफ्टवेअर्स, यांत बाहेरचं कौशल्य घ्यावंच लागेल. पण चांगलं उदाहरण म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवलं जातं ते विद्यापीठांचा कारभार चालवणारं 'समर्थ' हे सॉफ्टवेअर दिल्ली विद्यापीठात, केंद्र सरकारच्या योजनेतून तयार झालं. राज्यात २००१ मध्ये उभी राहिलेली एमकेसीएल (महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन) ही शासनाने पुढाकार घेऊन काढलेली संस्था. पीएच.डी.चे प्रबंध ऑनलाइन ठेवणारी शोधगंगा इन्फ्लिबनेट या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या केंद्राची. म्हणजे सार्वजनिक संस्थेच्या आत राहून ही कामं होत नाहीत, हा समज तपासून घ्यायला हवा. आणि काम बाहेर दिलं तरी जबाबदारी बाहेर जात नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात हे स्वच्छ लिहिलेलं आहे: माहितीवर प्रक्रिया दुसऱ्याने केली तरी उत्तरदायी ती गोळा करणारी संस्थाच. सुरक्षेत हयगय झाली तर दंड अडीचशे कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. लाखो विद्यार्थ्यांचे आधार क्रमांक, जातीचे दाखले, बँक खाती ज्या सर्व्हरवर आहेत, त्याचा पासवर्ड कुणाकडे आहे हे कुलसचिवांना सांगता येईल का? एका महाविद्यालयाच्या बाबतीत मी जवळून पाहिलं आहे. संकेतस्थळाच्या नावाच्या नूतनीकरणाची सूचना नोकरी सोडून गेलेल्या मुलाच्या खासगी ईमेलवर जात होती. मुदत संपली, संकेतस्थळ बंद पडलं, आणि ऐन प्रवेशाच्या दिवसांत मालकी सिद्ध करणारी पत्रं पाठवत सगळे बसले. त्या मुलाचा दोष नव्हता. त्याने स्वतःचा ईमेल दिला, कारण संस्थेने त्याला कधी संस्थेचा ईमेलच दिला नव्हता.

अलीकडे आणखी एक युक्तिवाद जोरात आहे: कृत्रिम बुद्धिमत्ता आली, आता मजकूर लिहायला आणि शंकांना उत्तरं द्यायला माणसं कशाला? यंत्राला उत्तर द्यायचं असतं ते संकेतस्थळावरच्या मजकुरातून. तिथे मुदतीची दोन परस्परविरोधी परिपत्रकं असतील तर ते त्यातलं एक ठामपणे सांगेल, आणि चूक ठरलं तर कुलसचिवांकडे खुलासा करायला ते येणार नाही. २०२४ मध्ये एअर कॅनडा या विमान कंपनीच्या बाबतीत हेच झालं. तिच्या यांत्रिक मदतनिसाने प्रवाशाला भाड्यातल्या सवलतीबद्दल चुकीचं सांगितलं, आणि तिथल्या न्यायाधिकरणाने कंपनीलाच जबाबदार धरलं. यंत्र वापरावं, जरूर वापरावं. त्याने मूळ मजकूर नेटका ठेवणाऱ्या माणसाची गरज वाढते.

अपंग विद्यार्थ्यांच्या बाबतीत तर हा आता हक्काचा प्रश्न आहे. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे, सरकारी संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक तत्त्वं आहेत, आणि एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सुविधांपर्यंत पोहोचणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. स्कॅन केलेली परिपत्रकं आजही चढताहेत. कंपनीच्या करारात ते कलम घालता येईल, पण परीक्षा विभागाला 'आम्हाला मूळ फाइल द्या' असं सांगण्याइतका वजनदार माणूस विद्यापीठाच्या आतच असावा लागतो.

सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने बाह्ययंत्रणेमार्फत भरतीसाठी खासगी कंपन्यांची यादी मंजूर केली, तरुणांचा रोष उसळला आणि महिन्या-दीड महिन्यात तो निर्णय मागे घ्यावा लागला. निर्णय गेला, पण विद्यापीठांच्या आतली पद्धत जिथल्या तिथे आहे. ती बदलायची तर मागण्या नेमक्या हव्यात. संकेतस्थळ संपादन आणि तांत्रिक साहाय्य यांचा स्वतंत्र कर्मचारीवर्ग आकृतिबंधात यावा. त्यात मराठी आणि इंग्रजी दोन्ही नीट लिहिणारी माणसं असावीत, फक्त संगणक पदवीधर नकोत. लहान महाविद्यालयांना असा माणूस परवडणार नाही, म्हणून जिल्ह्यागणिक विद्यापीठाचाच एक सामाईक गट असावा. भरती जाहिरातीने आणि परीक्षेने व्हावी, बिंदुनामावली पाळून व्हावी, आणि आज करारावर असलेल्यांना अनुभवाचे गुण आणि वयाची सवलत मिळावी. प्रणाली बाहेरून विकत घेतली तरी सगळी खाती, नोंदी आणि संकेतस्थळाचं नाव विद्यापीठाच्या ईमेलवर असावं.

यातलं पद-मंजुरीचं काम मंत्रालयात अडेल, हे मला कळतं. पण अधिसभेच्या सदस्यांना येत्या बैठकीत एवढं तरी विचारता येईल, की गेल्या दहा वर्षांत या कामावर करारांतून, निविदांतून आणि अध्यापकांच्या अतिरिक्त कार्यभारातून एकूण किती खर्च झाला. आणि जाहिरात निघेपर्यंत मधे एक-दोन दिवसांचा खंड देऊन करार नव्याने करायची पद्धत थांबवणं व्यवस्थापन परिषदेच्या हातात आहे. तो ठराव तिने याच वर्षी करावा.